काचेखालचा ठिपका

जीवविज्ञानाच्या पदवीला नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी मोलाचा सल्ला दिला. "डोळ्यांना दिसेल तेच कागदावर उतरवा. विज्ञान म्हणजे दुसरं काही नाही." टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या सालीची पेशी पाहून आकृती काढायची होती. विभागाची स्लाइड फार जुनी. वर्षानुवर्षं पुसून पुसून तिची आता फक्त काच उरली होती. वर्गाने रांगेने डोळा लावला आणि पुस्तकातली आकृती काढली: भिंत, आत केंद्रक, केंद्रकाला बाण. एका मुलीने नुसतं वर्तुळ काढलं.

"हे काय?" प्रात्यक्षिकाच्या सरांनी विचारलं.

"काहीच दिसलं नाही, सर."

"बाकीच्यांना दिसलं ते?"

"त्यांनी पुस्तकात पाहिलं. तुम्ही बघा ना एकदा."

सरांनी डोळा लावला. "दिसतंय की स्वच्छ!"

"सर, दिवा बंद आहे."

"प्रात्यक्षिकात नापास झालीस की वर्ष गेलं, एवढं लक्षात ठेव," सर म्हणाले. वर्गाने तिचं नाव 'कोरी' ठेवलं.

प्रकरण समितीकडे गेलं. तीन प्राध्यापकांनी स्लाइडची पाहणी करून केंद्रक असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. ज्येष्ठ सदस्यांना तर पेशीचं विभाजन सुरू झालेलं दिसलं. ज्येष्ठतेचा मान राखून तेही मान्य झालं. मग कोरीला नेत्रतज्ज्ञाकडे धाडण्यात आलं. डोळे उत्तम असल्याचा दाखला आला, तेव्हा दोष डोळ्यांत नसून वर्तनात आहे हे सिद्ध झालं. आता नापास होण्याबरोबर नाव कमी होण्याचीही सोय झाली.

"अगं बाई, एक ठिपका तर काढायचाय," घरी आई म्हणाली. "मी तुझ्या बाबांमध्ये जन्मभर गुण पाहत आले, ते काय दिसले म्हणून?"

बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

कोरीने ठिपका काढला. सरांनी शेरा दिला: 'निरीक्षणशक्तीत लक्षणीय सुधारणा.' सुधारणा पुढेही होत राहिली. शेवटच्या वर्षापर्यंत तिला आकृती काढण्यासाठी सूक्ष्मदर्शकाजवळ जावंही लागेना. नव्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचा मान त्या वर्षी तिलाच मिळाला. "डोळ्यांना दिसेल तेच कागदावर उतरवा," ती म्हणाली. टाळ्या झाल्या.

हल्ली ती एका मोठ्या रक्ततपासणी केंद्रात आहे. तिच्या कामाचा उरक सगळे वाखाणतात. नमुना पोचेपर्यंत अहवाल तयार असतो. परवा तुमचाही आला. सगळं नॉर्मल. तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात आणि शेजाऱ्यांना सांगितलंत, "केंद्र चांगलं आहे हो. उगाच काहीतरी दिसलं म्हणून घाबरवत नाहीत."