डोकं तपासायला निघालेल्या ताराकाकू

दर बुधवारी सकाळी ताराकाकू दिघीच्या धक्क्यावर येतात आणि लाँचमध्ये पाय ठेवायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "मी डोकं तपासायला चाल्लेय. पलीकडनं कुनाला काय आनायचंय?"

सुरुवातीला लोक चपापायचे. आता सरावलेत. कुणी खोबरेल सांगतं, कुणी ब्लाउजला मॅचिंग अस्तर. एकदा सरपंचांनी झेरॉक्स काढायला कागद दिले. जिचं डोकं ठिकाणावर नाही असं गावाचं एकमत आहे, तिच्याच हाती दप्तर सोपवणारी आमची ग्रामपंचायत एकमेव असावी.

लाँच चालवणाऱ्या तांडेलाने मात्र खबरदारी घेतली. काकूंना कडेला बसू द्यायचं नाही, मध्येच बसवायचं. न जाणो, उडी मारली तर! काकूंनी ही व्यवस्था आनंदाने मान्य केली, कारण मध्ये ऊन लागत नाही.

आमच्या खाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दिघीहून आगरदांड्याला पोचायला फार वेळ लागत नाही. कठीण असतो तो वाटेतला प्रश्न: "कुठं चाल्लाव?" लाँचमध्ये शेजारी बसलेल्याला हे विचारायचंच, असा रिवाज आहे. विचारलं नाही तर दोन घरांत भांडण आहे असं समजतात. उत्तरही द्यावंच लागतं. 'असंच' म्हटलं तर लोक तर्क करतात, 'बाजारात' म्हटलं तर येताना पिशवी बघतात. माझी सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली, पण खरी उलटतपासणी मी या लाँचमध्येच ऐकली. मीही बुधवारी मुरूडच्या वाचनालयात पुस्तक बदलायला जातो. ते मी एकदाच सांगितलं. "एवढं वाचून डोल्यांना त्रास व्हत न्हाय?" असं तीन बायकांनी विचारल्यापासून मी 'बाजारात' म्हणतो.

काकूंचे यजमान लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. पाने-पकडी हातात द्यायला काकू जन्मभर त्यांच्या शेजारी उभ्या. यजमान गेले, मुलगी नाशकात सुखात आहे, आणि काकूंपाशी इंजिनाची भाषा तेवढी उरली. त्यांच्या मते माणसाला एकच रोग होतो. "डिझेल हाय, इंजिन धड हाय, पन सुरू व्हत न्हाय. का? लायनीत हवा धरली. ती काढाया लागते. इंजिनाला लाथा घालून न्हाय निघत." जावयाच्या धंद्यापासून देशाच्या कारभारापर्यंत सगळीकडे त्यांना हवाच धरलेली दिसते, आणि बहुतेक वेळा मला प्रतिवाद सुचत नाही.

गुडघे दुखतात म्हणून बुधवारी पिशवी धरायला त्या सोबत कुणीतरी नेतात. अलीकडे ही सोबत म्हणजे सानिका. टेम्पोवाल्या दिनेशची धाकटी मुलगी, अकरावीतली. हुशार मुलगी, पण दिवाळीनंतर कॉलेजला जायची थांबली. जेवेना, झोपेना, दिवसा दार लावून पडून राहायची. दिनेशने भगताकडे दोन खेपा घातल्या. भगताने कोंबडा घेतला, मुलगी तशीच. पलीकडच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई बसतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण थोरलीची सोयरीक ठरत होती. लाँचमध्ये कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते?

हे मला पुढे कळलं. तोवर माझंही मत गावासारखंच होतं, फक्त शुद्ध भाषेत.

मग एका बुधवारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बाकावर ताराकाकू चणे खात बसलेल्या.

"नंबर आला नाही का अजून?" मी विचारलं.

"आला की. पोर आत हाय."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?" काकूंनी चण्याची पुडी पुढे केली. "भाऊ, त्या लाँचीत येकानं तरी उघड म्हटलं पायजे का न्हाय? मी म्हन्ते. मला कुनी आता नवरा करून द्यायचा न्हाय. लोकं माझ्याकडं बघतात, तवर पोर पलीकडं जाते."

मी चणे खाल्ले.

पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी लहान आहे, आईला घेऊन या. तेव्हापासून काकूंना धरायला मायलेकी दोघी येऊ लागल्या. "म्हातारीचं वाडलंय," तांडेल हळहळला. गावातल्या बायकांनी ग्रामदेवतेला काकूंसाठी गाऱ्हाणं घातलं. काकू स्वतः त्याला हजर राहिल्या आणि प्रसादाचा नारळ घरी घेऊन आल्या. चटणी चांगली झाली होती. मला वाटीभर दिली.

याच सुमारास शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्यावर कार्यक्रम झाला. गावालाही बोलावणं होतं. बाहेरगावचे मोठे पाहुणे आले. अर्धा वेळ त्यांच्या सत्कारात गेला आणि उरलेला, आपल्याला सत्कार कसे आवडत नाहीत हे सांगण्यात. शेवटी ते माइकवरून म्हणाले, "मुलांनो, मन मोकळं करा. बोला!" मुलं फुलांच्या गुच्छांकडे बघत बसली.

ताराकाकू उठल्या. "सायेब, म्होरं हेडमास्तर, मागं बाप, बाजूला चुलतभाव. पोर काय बोलंल? आन् तो भोंगा पार जेट्टीवर ऐकाया येतो. डॉक्टरीनबाईला हितं आना, येक खोली द्या, आन् तुमी समदे घरला जा."

टाळ्या पडल्या. पाहुणे हसले, कारण त्यांना वाटलं त्या त्यांच्यासाठी आहेत. पण हेडमास्तरांनी मनावर घेतलं. खेळाच्या सामानाची खोली रिकामी झाली, अर्ज गेले, आणि महिन्यातून एक दिवस डॉक्टरीणबाई शाळेत येऊ लागल्या. पहिल्या दिवशी कुणीच फिरकलं नाही. दुसऱ्या खेपेला दोन मुलं बॅट परत करायच्या निमित्ताने गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. आता निमित्तं कमी झाली आहेत, मुलं नाहीत.

सानिकाचं औषध अजून चालू होतं, म्हणून ती पलीकडेच जायची. पुन्हा कॉलेजला जाऊ लागली होती. गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी लाँच सुटली. काकूंना चढायला उशीर झाला होता, धाप लागली होती, जाहीर करायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात समोरच्या मासळीवाल्या बाईने रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय गो सानिका, कुठं चाल्लीस?"

आईने मुलीचा हात घट्ट धरला. काकूंनी घाईघाईने तोंड उघडलं.

"डॉक्टरीनबाईकडं," सानिका म्हणाली. "माझ्यासाठी. मला मदी लय वाईट वाटायचं, मावशी. आता बरं हाय."

मासळीवालीने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग जरा पुढे झुकून म्हणाली, "माझा बारका पन राती झोपत न्हाय. ती बाई पोरांवर वरडते का गो?"

"न्हाय वरडत."

उरलेला प्रवास त्या दोघी बोलत होत्या. ताराकाकूंना कुणी काही विचारलं नाही. त्या मध्ये, सावलीत, पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या. इतक्या गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुस्तक बदलायचं सोडून मीही दवाखान्यात गेलो. का, ते सांगता येणार नाही. सानिका आत जाऊन आली आणि बाकाशी उभी राहिली.

"काकू, आता तुमी जा."

"मी? मला काय सांगायचंय?"

"तुमच्या घरात बोलायला कोन हाय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी पदर सारखा केला, पिशवी सानिकाच्या हातात दिली आणि काही जाहीर न करता आत गेल्या. दार लागलं.

आम्ही बसून राहिलो. बाकावरची माणसं येऊन गेली. मी घड्याळ बघितलं. परतीची लाँच चुकणार होती.

"बसू द्या त्यांना, भाऊकाका," सानिका म्हणाली. "मला पन पयल्यांदा लय वेळ लागलावता."