नऊ सेकंदांचं उत्तर

मोसंबी काढायला स्टुलावर चढलेली आमची केशर पडली आणि उठून मला म्हणाली, "ए सोमेश्वर, पाणी आण." एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव उखाण्यातसुद्धा नाइलाजानंच घेतलं होतं. मी ओळखलं, मार डोक्याला लागला आहे. घनसावंगीहून जीप करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथं मेंदूचे स्कॅन वाचणारी संगणक प्रणाली बसवलेली होती. पदनाम : सहायक. कर्तव्य : रेडिओलॉजिस्टला मदत करणे. केशरचा स्कॅन झाला आणि नवव्या सेकंदाला पडद्यावर लाल गोल उमटला. खाली अक्षरं : 'रक्तस्राव. तातडीने मेंदूच्या सर्जनकडे न्यावे.'

"छापून दे," मी म्हणालो, "मी हिला संभाजीनगरला नेतो."

"छापता येत न्हाई, गुरुजी," कारकून अंगद म्हणाला. हा माझाच विद्यार्थी, सातवीत पहिला आलेला. "प्रणाली रेडिओलॉजिस्टला मदत करती. रेडिओलॉजिस्टचं पद दोन वर्षांपासून रिक्त हाय. मंग मदत करायची कुणाला?"

"यावर काही तोडगा?"

"काढला ना. वरून आदेश आल्ता, पद भरेपर्यंत अतिरिक्त कार्यभार प्रणालीकडंच द्यावा. दिला. पण मंग प्रणाली झाली रेडिओलॉजिस्ट, आन् सहायकाचं पद रिक्त झालं. सहायकाच्या शिफारशीबिगर रेडिओलॉजिस्टला सही करता येत न्हाई."

"अरे, यंत्र एकच आहे. स्वतःची शिफारस स्वतःला करेल!"

"केल्ती. म्हणून तर चौकशी लागली. प्रणाली सध्या निलंबित हाय. आधी साडेचार सेकंदांत वाचायची, निलंबनात निम्म्या वेगावर ठेवलीय."

"ए सोमेश्वर," स्ट्रेचरवरून केशर म्हणाली, "ह्याला कुणी शिकवलं रे?"

मी पडद्यावर बोट आपटलं. "अंगद, उत्तर समोर दिसतंय!"

अंगद मायेनं हसला. "गुरुजी, तुम्हीच सांगत होतात. उत्तर बराबर असलं तरी रीत न्हाई दाखवली, तर शून्य."

कागद घेऊन मी रीत मांडली. पक्ष : बाई पडली आहे. साध्य : बाई वाचवणे. सिद्धता सात ओळींची झाली. अंगदनं ती मन लावून तपासली. "बिलकुल बराबर! फक्त समास सोडला न्हाई. परत लिहा."

मी पट्टी शोधू लागलो.

समास आखून वर पाहिलं तर स्ट्रेचर जागेवर नव्हतं. फरशी पुसणाऱ्या तुळजाबाईनं पडद्याचा फोटो मोबाइलवर काढला होता, केशरला रुग्णवाहिकेत घातलं होतं आणि ड्रायव्हरला "चल जल्दी" म्हणून ती शेजारी बसून गेलीसुद्धा होती.

केशर वाचली. आता पुन्हा 'अहो' म्हणते, पण जरा थांबून.

तुळजाबाईला विनापरवाना फोटो काढल्याची नोटीस आली. खुलासा लिहून घ्यायला ती माझ्याकडेच आली. "कसं लिहायचं ते तुम्हाला ठाऊक, गुरुजी. मी तुमच्याच वर्गात गणितात नापास झाल्ते. उत्तरं समदी बराबर होती की!"

तिचा पेपर सापडला, तर फेरतपासणी करायचं माझ्या मनात आहे. तोवर तुम्ही एक करा. अंगदला हसून झालं असेल, तर आज आपल्या पोराची गणिताची वही उघडा. उत्तर बरोबर असेल आणि वरची जागा कोरी. बघू, तुमच्या हातात लाल पेन कितव्या सेकंदाला येतं.