रानातली जामिरदोह

आपणच रानात जाऊन जामिरदोहची पालेभाजी आणायची, असं बांजोपनं ठरवलं आणि तिथंच तो फसला.

खासी रीतीप्रमाणे लग्नानंतर तो सासूच्या घरी राहायला आलेला. त्यानं कांद्याची रोपं उलटी लावल्यापासून सासूनं त्याला बागेत पाय ठेवू दिला नव्हता. आता बायको, इबानरी, गरोदर, चेहरा पांढराफटक. सासूचं निदान ठाम होतं.

"बागेतली भाजी आयतं खाऊन माजते. रानातली उपाशीतापाशी वाढते, म्हणून तिच्यात कस!" (आयतं खाऊन म्हणताना ती जावयाकडे बघत होती.)

बाहेर धुकं असं की स्वतःची पावलं दिसेनात. बरंच चालल्यावर उभ्या दगडांमध्ये जामिरदोह तरारलेली दिसली. त्यानं ती मुळासकट उपटली. मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर नुसते दगड. मघापेक्षा एक जास्त वाटला.

संध्याकाळी पानांची चटणी झाली. इबानरीनं एक घास घेतला, थांबली, मग बोटं चाटून खाल्ली.

"कुठं मिळाली रे?" सासूनं विचारलं. तिला तोही मेई, म्हणजे आई, म्हणायचा.

"धुक्यात काय कळतंय मेई? उभे दगड होते."

सासूचा हात ताटातच राहिला. "देवराईच्या तोंडाशी उभे दगड आहेत. तिथलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नसतं. नेणाऱ्याची मान फिरते."

"आणि खाणाऱ्याची?"

सासूनं ताट दूर सारलं. इबानरी मान खाली घालून बसली होती, खांदे गदगदत होते. (रडतेय बिचारी. पोटात बाळ, आणि मी हे काय खाऊ घातलं!)

हाताचा माशासारखा वास धुऊन जाईना. जामिरदोहचाच तो, पण आता ओळखीचा वाटेना. उजाडायच्या आत उरलेली मुळं देठांसकट घेऊन तो पुन्हा दगडांशी गेला. पांढरी मुळं हातात बोटांसारखी गार लागत होती. तेवढ्यात धुक्यातून घोगरा आवाज आला.

"ठेव!"

त्यानं मुळं मातीत खोचली आणि पळत सुटला.

सकाळी शेजारची म्हातारी द्रिसिलामावशी धापा टाकत दारात. "काल माझ्या वाफ्यात भूत आलं गं! जामिरदोह उपटत होतं. मी खाकरले आणि शाल गुंडाळून वाफ्यातल्या उभ्या दगडांत दगडासारखी गारठून उभी राहिले. आज पहाटे पुन्हा आलं. कसंबसं 'ठेव' म्हणाले, तर लावूनच गेलं! मुळं वर, देठ खाली!"



"भूत नव्हे ते," सासू म्हणाली. "मुळं आभाळाकडे लावणारा गावात एकच आहे." मग लेकीकडे वळली. "पण गालावर लाली तर आलीय हिच्या! वाफ्यातल्या भाजीनं?"

"भाजीची कुठली, मेई! पहिल्याच घासाला कळलं, द्रिसिलामावशीच्या शेणखतातली आहे ही. कालपासून हसू दाबतेय."

बांजोपनं हळूच मान फिरवून बघितली. डावीकडे फिरत होती, उजवीकडेही फिरत होती. वर तेवढी होत नव्हती.