ऊर्ध्वमुख पात्र, सुमारे तीनशे वर्षे

ज्या वस्तूचा उपयोग कुणालाच सांगता येत नाही ती वस्तू धार्मिक असते, आणि जिचा उपयोग फक्त घरातल्या बायकांना सांगता येतो ती फारच धार्मिक असते, हे संग्रहशास्त्रातलं मूलभूत सत्य आहे. विद्यापीठाचं सर्वसाधारण संग्रहालय पासष्ट वर्षं याच सत्याच्या पायावर उभं आहे. (‘सर्वसाधारण’ हा शब्द विषयांना उद्देशून आहे, दर्जाला नव्हे, असा खुलासा माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे.)

तळमजल्यावर निसर्ग, वरच्या मजल्यावर संस्कृती. नवी वस्तू आली की ती कुठे ठेवायची याचा नियम सोपा आहे: मेलेलं असेल तर खाली, मेलेल्यांचं असेल तर वर. गेल्या वर्षी चार हजार तीनशे बारा लोकांनी संग्रहालयाला भेट दिली. त्यांपैकी दोन हजार नऊशे शाळेच्या सहलीतले होते, अकराशे उन्हाला कंटाळून आत आले होते, तीनशे स्वच्छतागृह शोधत होते आणि उरलेले बारा जण संग्रहालय पाहायला आले होते. बारांतल्या नऊ जणांना शेजारचं ग्रंथालय हवं होतं, हे नंतर कळलं.

वरच्या मजल्याच्या पाट्या लिहिण्याचं काम सहायकाकडे होतं. आठ वर्षं तो हंगामी होता. दर अकरा महिन्यांनी त्याला कामावरून काढण्यात येई आणि एक दिवस घरी बसवून पुन्हा घेण्यात येई. त्या एका दिवशी त्याचे सासरे न चुकता फोन करत आणि ‘मग, झालात का कायम?’ एवढंच विचारून ठेवून देत. माणूस सरळ होता, अक्षर सुरेख होतं, आणि वरिष्ठांच्या मताशी सहमत होताना त्याला चेहऱ्यावर फारसा ताण द्यावा लागत नसे. या वर्षी वीस तारखेला कायम जागेसाठी मुलाखत होती. मुलाखत घेणार होते संचालक.

संचालकांची कीर्ती ज्या वस्तूवर उभी होती, ती दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत होती. बांबूच्या कामट्यांनी विणलेलं, दोन हात उंचीचं, घंटेच्या आकाराचं एक पात्र. ते तोंड वर करून ठेवलं होतं आणि आतून मंद दिवा सोडला होता. पाटीवर लिहिलं होतं: ‘ऊर्ध्वमुख पात्र. अंत्यविधी. सुमारे तीनशे वर्षे.’ तळाचं छिद्र म्हणजे आत्म्याचा निर्गममार्ग. वरून तिसऱ्या फेरीतली तांबडी रेषा म्हणजे जीवनरेखा. कडेचे पांढरे डाग रसायनशास्त्र विभागाकडे तपासून घेतले होते. विभागप्रमुखांनी दोन पानी अहवालात त्यांना ‘श्वेतलेप’ असं नाव देऊन ‘सेंद्रिय उगमाचं, हेतुपुरस्सर लावलेलं द्रव्य’ असा निर्वाळा दिला होता. एकतीस वर्षांपूर्वी संचालक स्वतः विद्यार्थी असताना अभ्यासदौऱ्यात त्यांना हे पात्र एका अंगणात मिळालं होतं. त्या वेळी त्याच्याभोवती पवित्र पक्ष्यांचा वावर होता, अशी नोंद त्यांच्या प्रबंधात आहे.

महिन्याच्या सात तारखेला विद्यापीठाच्या गाडीचा चालक आपल्या सासूबाईंना संग्रहालय दाखवायला घेऊन आला. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रवेश मोफत असल्यामुळे दाखवण्यासारखं दुसरं काही त्याला सुचलं नव्हतं. म्हातारी सत्तरीची, अंगाने वाळकी, पण नजरेने खणखणीत. तळमजल्यावरच्या अस्वलाची तिने कीव केली. वर आल्यावर मात्र ती पेटीसमोर थांबली ती थांबलीच. मग तिने सहायकाला हाक मारली.

“बाळा, हे डालं उलटं ठेवलंय.”

सहायकाने नम्रपणे सांगितलं की ते डालं नसून अंत्यविधीचं पात्र आहे. म्हातारीने त्याचं नम्रपणे ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं, की हे तिनेच विणलेलं आहे, थोरली मुलगी पोटात असताना, कोंबड्या झाकायला. तिसऱ्या फेरीला कामट्या कमी पडल्या म्हणून तिने विजेच्या तारेचं तांबडं आवरण सोलून घातलं होतं. पुढे एक चष्मेवाला तरुण अंगणात आला, डाल्याकडे बघून त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच्या बदल्यात तो प्लॅस्टिकची बादली देऊन गेला. बादली अजून आहे, कडी तेवढी तुटली.

जावई खाली मान घालून स्वतःचे बूट बघत होता. संचालकांची गाडी तोच चालवत असे.

सहायकाने वाकून पाहिलं. आठ वर्षांत त्याने त्या तांबड्या रेषेवर चार पाट्या लिहिल्या होत्या, पण तिच्याकडे पाहायची वेळ आली नव्हती. रेषेच्या टोकाशी बारीक अक्षरांत व्होल्टचा आकडा छापलेला होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना विजेचा दाब माहीत असल्याचा तो पहिलाच पुरावा असावा.

“पाटी बदलायची,” म्हातारी म्हणाली. “डालं नको मला. बदल्यात बादली घेतलीये. पण मेलेल्या माणसांचं म्हणून लिहू नका. माझ्या पोरीच्या वेळचं आहे ते.”

तिथेच ‘हो आजी’ म्हणून तिला वाटेला लावलं असतं तर वीस तारीख सुखाने उजाडली असती. पण त्या रात्री सहायकाला झोप लागली नाही. बायकोने कारण विचारलं, त्याने सांगितलं. बायको म्हणाली, की बाबांचा फोन आला तर या वेळी तूच उचल. सकाळी त्याने म्हातारीच्या नावाने रीतसर अर्ज लिहून दिला. अर्जात ‘वस्तूशी संबंध’ या रकान्यापुढे तीन पर्याय होते: अभ्यासक, देणगीदार, वारस. वस्तू केली असणं हा संबंध विद्यापीठाने धरलेला नव्हता. सहायकाने चौथी ओळ हाताने आखली. हीच त्याची आयुष्यातली बंडखोरी.

संचालकांनी अर्ज वाचून रागावण्याऐवजी समिती नेमली. (विद्वान आणि सामान्य माणूस यांच्यात फरक आहे तो हाच.) समितीत तीन जण होते: खुद्द संचालक, त्यांच्या प्रबंधाचे वयोवृद्ध मार्गदर्शक आणि श्वेतलेपाचा अहवाल देणारे रसायनशास्त्राचे प्रमुख. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून, या प्रकरणात आपला काही हितसंबंध नाही, असं तिघांनी एकमेकांना लेखी दिलं.

सुनावणी सतरा तारखेची होती. मधल्या दिवसांत म्हातारीने नवं डालं विणलं. त्याच मापाचं, त्याच विणीचं. तिसऱ्या फेरीला आठवणीने तांबडी तारही घातली. ते घेऊन ती समितीच्या खोलीत आली. दुसऱ्या काखेत कोंबडी होती, कारण रिकामं डालं दाखवणं तिला अपुरं वाटलं. जावई दारापर्यंत आला आणि गाडी पुसायची राहिली म्हणून निघून गेला.

म्हातारीने गालिच्यावर कोंबडी ठेवली, तिच्यावर डालं पालथं घातलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कोंबडी चार मिनिटं शांत बसली. पाचव्या मिनिटाला तिने डाल्याच्या कडेला ताजा श्वेतलेप लावला. रसायनशास्त्राचे प्रमुख त्याकडे एकवार पाहून पुढची सबंध सुनावणी खिडकीबाहेर बघत राहिले. मार्गदर्शकांनी तंबाखूच्या डबीसारखी वाजणारी आपली श्रवणयंत्राची डबी उघडून पुन्हा बंद केली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण त्या खोलीतल्या तिघांनाही पाठ होती. मार्गदर्शकांनी तर तिच्यावर टिपण लिहिलं होतं. झाकायचं कशाने, याचा विचार करायची वेळ कुणावर आली नव्हती, इतकंच.

संचालकांनी मात्र तोल ढळू दिला नाही. त्यांनी म्हातारीला बसायला खुर्ची दिली आणि अतिशय मृदू आवाजात विचारलं:

“हे आपण विणता, हे मान्य. पण यामागचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे का?”

“अर्थ कसला,” म्हातारी म्हणाली. “मांजर खातं हो कोंबड्या.”

संचालकांनी समाधानाने मान डोलावली. याच उत्तराची त्यांना गरज होती. करणारीलाच अर्थ ठाऊक नाही, म्हणजे अर्थ फार जुना असला पाहिजे. इतका जुना, की तिच्यापर्यंत पोचेतो झिजून त्याचं मांजर झालं. समितीने वीस मिनिटांत एकमताने ठराव केला. पहिलं पात्र तीनशे वर्षांचंच आहे. तांबडी तार ही अलीकडच्या काळातली भाबडी डागडुजी आहे. नवं पात्र हा परंपरा जिवंत असल्याचा पुरावा असून तो संग्रहात दाखल करून घेण्यात यावा. अर्जदार बाईंनी पुराव्यादाखल आणलेल्या सर्व वस्तू आता संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत.

सर्व वस्तूंत कोंबडी येत होती. तिला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळाला आणि नियमाप्रमाणे तिला तळमजल्यावर पाठवण्यात आलं. तळमजल्यावर जिवंत वस्तू ठेवण्याची तरतूद नाही. तिथल्या पेंढा भरणाऱ्या कारागिराने कोंबडीकडे पाहिलं आणि हत्यारं पुसायला घेतली. मोठा प्रामाणिक माणूस. दोन वर्षं त्याच्याकडे काम आलं नव्हतं.

सहायक जिने उतरत खाली गेला. एकदा नोंद झालेली वस्तू कुलगुरूंच्या सहीशिवाय बाहेर जात नाही, हे त्याला माहीत होतं. पण अभ्यासासाठी उसनी देता येते, हेही तोच आठ वर्षं फॉर्मवर लिहीत आला होता. त्याने फॉर्म भरला. उसनवारीचं कारण: संवर्धन. मुदत: वस्तूच्या हयातीपर्यंत. पेंढावाल्याने उदास होऊन सही केली. फाटकाबाहेर बाकावर म्हातारी बसली होती. सहायकाने तिच्या मांडीवर कोंबडी ठेवली तेव्हा तिने आधी पाय तपासले, मग पंख, आणि नंतर विचारलं की पाटीचं काय ठरलं.

“लिहितोय, आजी,” तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

पाटीचे त्याने अकरा मसुदे केले. पहिल्यात डालं होतं, कोंबड्या होत्या, विणणारीचं नाव होतं. संचालकांनी तो वाचला, शुद्धलेखनाची वाखाणणी केली आणि वीस तारखेच्या मुलाखतीला येताना मूळ प्रमाणपत्रं आणायची आठवण करून दिली. दुसऱ्यात नाव गेलं. पाचव्यात कोंबड्यांच्या जागी पक्षी आले. नवव्यात ‘काहींच्या मते’ आलं. अकराव्या मसुद्यावर सही झाली ती एकोणीस तारखेला संध्याकाळी: ‘ऊर्ध्वमुख पात्र. अंत्यविधी. सुमारे तीनशे वर्षे. (अशी पात्रे कोंबड्या झाकण्यासाठी वापरली जात, असा गैरसमज काही अशिक्षित वर्गांत आजही आढळतो.)’

वीस तारखेला सहायक कायम झाला. सासऱ्यांचा फोन आला. त्याने उचलला, हो म्हणाला, आणि पलीकडून पहिल्यांदाच अभिनंदन ऐकून फोन बंद न करताच खाली ठेवला. बायकोने विचारलं तेव्हा त्याने ते आनंदाने झालं असं सांगितलं.

महिन्याभराने म्हातारी पुन्हा आली. चालक जावई बरोबर होता. दालनात त्या वेळी आणखी सात जण होते, कुठल्याशा प्रशिक्षणाला आलेले शिक्षक. म्हातारी सरळ पेटीपाशी गेली. डालं अजून उलटंच होतं, दिवाही तसाच होता. पण पाटी नवी होती आणि पहिलीपेक्षा लांब होती, हे तिने लगेच ओळखलं.

“वाच बघू, बाळा,” ती सहायकाला म्हणाली. “मला येत नाही.”

जावयाला येत होतं. त्याने ती वाचलीही होती. त्याने सहायकाकडे पाहिलं, सहायकाने त्याच्याकडे पाहिलं. मग कायम सहायकाने घसा साफ केला, पाटीवर बोट ठेवलं आणि शब्दाशब्दावर बोट सरकवत मोठ्याने वाचायला लागला:

“कोंबड्या झाकायचं डालं. थोरली मुलगी पोटात असताना विणलं.” पुढे त्याने म्हातारीचं नाव वाचलं, मग तिच्या आईचं, जिने तिला विणकाम शिकवलं होतं. तिसऱ्या फेरीतल्या तारेचंही वाचलं. बोट जिथे ‘अशिक्षित’ या शब्दावर होतं, तिथे तो ‘वीण अतिशय बारीक आणि सफाईदार’ असं वाचत होता.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. तिने काचेवर हात ठेवला.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली. “उलटं असू दे मग.” जावयाने तिचा हात धरून तिला जिन्याकडे नेलं. त्या दिवशी त्याने तिला हात धरून गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं, आणि ती गाडी संचालकांची होती.

सातही शिक्षकांनी हे ऐकलं होतं. त्यांनी सहायकाकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि काही तरी घोटाळा दिसतो, असं आपसांत ठरवून सातही जणांनी पाटी वहीत उतरवून घेतली.

दालन आजही खुलं असतं, दहा ते पाच, सोमवारी बंद. पासष्ट वर्षांत तिथे आलेल्या दर्शकांपैकी वाचता न येणारे फार थोडे, आणि खरी पाटी कळलेली तर ती म्हातारी एकटीच. आपल्याला उत्तम वाचता येतं, हे आपण इथवर येऊन सिद्ध केलंच आहे. अवश्य या. पाटी ठळक अक्षरांत आहे, वस्तूकडे पाहण्याची गरज पडणार नाही.