बरोबरचे सगळे, या आत!

तर त्या दिवशी रिहाबची परीक्षा होती, आणि परीक्षा म्हणजे काय, तर एक पेशंट तपासायचा. एकच! अहो, सुदानमध्ये वाद मदनी नावाच्या शहरात स्वतःचा दवाखाना चालवलेली बाई ती, सकाळच्या चहाआधी वीस पेशंट निस्तरायची! पण कॅनडात आल्यावर ते सगळं पाण्यात. आता सस्कॅचवानमधल्या एवढ्याशा गावात फॅमिली डॉक्टरकीचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी ही परीक्षा. पास झाली तर पुढे, नाहीतर जागा गेली. मग नवरा आणि दोन मुलींना घेऊन जायचं कुठं?

शिकवणारे डॉक्टर नील बाबियाक. माणूस सज्जन, पण नियमाला एकदम पक्का.

"खोलीत कॅमेरा आहे, मी शेजारी बसून पडद्यावर बघतोय," ते म्हणाले. "मध्ये येणार नाही. पेशंटचं खाजगी ते खाजगी राहू द्या. बाकी तुम्हाला येतंच."

रिहाबनं मान डोलावली, दार उघडून बाहेर डोकावली, आणि तिथंच घोळ झाला.

बाहेर पेशंट बसायच्या खोलीतला हीटर सकाळपासून बंद. सगळे पेशंट कोट घालून एका कोपऱ्यात खेटून बसलेले, एकाच थर्मासमधली कॉफी वाटून पिताहेत, कोणाच्या तरी गुडघ्यावरून वाद चाललेला. रिहाबला वाटलं, वाद मदनीचा व्हरांडा हुबेहूब! तिकडे पेशंट कधी एकटा यायचाच नाही. खोकला एकाला, पण आई, मामा, शेजारीण, आणि करकदेच्या, म्हणजे जास्वंदीच्या, लालभडक सरबताची बाटली घेऊन एक मावशी. पेशंटला विचारावं, कुठं दुखतंय, तर मावशी सांगणार. त्यानं तोंड उघडलं की, "तू गप्प बस, तुला काय कळतंय?" तेव्हा रिहाब इतकी वैतागायची! आता लढाईत तो दवाखाना राहिला नाही, मावश्या कुठं कुठं पांगल्या. आणि इथं लोक एकेकटे येतात, एकेकटे जातात. त्या शांततेत तिला ती वटवट करणारी मावशी फार आठवायची. आत्ताही आठवली, आणि परीक्षेच्या धास्तीत जीभ जुन्या वाटेनं सुटली.

"मिस्टर ऑर्विल फेअर! आणि बरोबरचे सगळे, या आत!"

आता या गावातली माणसं अशी, की त्यांचा पाय तुम्ही तुडवलात तरी माफी तेच मागणार. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आपल्याला म्हणतेय का?" खताच्या दुकानातली डार्लीन कुजबुजली.

"नवीन पद्धत असेल," ऑर्विलच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, टीममधला गॉर्ड म्हणाला. "ऊठ. नाही म्हटलं तर वाईट वाटेल बिचारीला. आणि आत ऊब आहे."

गेले की सगळे! म्हातारा ऑर्विल पुढे, मागे गॉर्ड, डार्लीन, आणि शेवटी एक ठेंगणी, ठसकेबाज आजी, स्टेला. कोट काढले, ठेवायला जागा नाही, म्हणून गॉर्डनं आपला भलामोठा कोट भिंतीवर उंच दिसलेल्या खुंटीवर अडकवला. ती खुंटी म्हणजे कॅमेरा.

रिहाब मात्र खुलली. भरलेली खोली! ऑर्विलचे पाय सुजलेले, चढ चढताना दम लागतो, गोळ्या वाढवून वाढवून बाबियाक सर थकले, तरी सूज हटत नाही.

"मीठ कमी केलंय ना, काका?"

"बंदच केलंय," ऑर्विल म्हणाला.

"काय फेकतोस लेका!" गॉर्ड ओरडला. "परवा रिंकवर सॉसेज कोण खात होतं?"

"ते एकच होतं!"

"एक डझन," डार्लीन म्हणाली.

रिहाबनं हळूच सगळ्यांकडे पाहिलं. कुठल्याही गर्दीत मावशी असतेच, हे तिला अनुभवानं ठाऊक. कोपऱ्यातली स्टेला आजी पर्सच्या चेनशी खेळत होती.

"आजी, हे जेवतात कुठं?"

"रविवारी माझ्याकडे."

"फक्त रविवारी?"

"रविवारपासून," आजी म्हणाली, "शनिवारपर्यंत. पण मी काय घालते? बटाटा भरलेल्या पेरोगी, थोडं लोणी, थोडं बेकन. आणि माझं काकडीचं लोणचं. ते तर भाजीतच धरायचं!"

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. पडदा काळा झालेला आणि आवाज चार-पाच जणांचे, सरांना राहवलं नाही.

"कोण आहेत हे सगळे?"

"पेशंटच्या घरचे, सर."

"घरचे? ऑर्विलला या जगात कोणी नाही! हा गॉर्ड, ही डार्लीन, दोघं दुसरे पेशंट. आणि ही..." सर थांबले. "आई?"

रिहाबला आपली चूक कळली. तीन महिने, दोन मुली, सगळं डोळ्यांपुढे फिरलं.

"जे पेशंटचे कोणी नाहीत, त्यांनी बाहेर जायचं," सर म्हणाले. गॉर्ड आणि डार्लीन माफी मागत मागत निघाले. स्टेला आजी ढिम्म.

"आई, तूसुद्धा."

"मी का? मी त्याच्याबरोबर आलेय." आजीनं ऑर्विलचा हात हातात घेतला. "ख्रिसमसला तुला सांगणार होतो. तू ड्युटीवर."

"ईस्टरलाही सांगणार होतो," ऑर्विल म्हणाला. "तू ड्युटीवर."

सर त्या दोघांच्या हातांकडे बघायला लागले. शेवटी नियमच मदतीला आला. "ऑर्विल, या सगळ्यांना आत घ्यायला तुमची परवानगी होती?"

"होती की. फक्त कोणी विचारली नाही." म्हातारा सुजलेल्या पायांकडे बघत राहिला. "माझी बायको होती तेव्हा घरात असा कल्ला असायचा माझ्या तब्येतीवरून. बरं वाटलं रे."

"नील," आजी म्हणाली, "तू नुसत्या गोळ्या वाढवत बसलास. या पोरीनं दहा मिनिटांत माझं लोणचं पकडलं. पास कर तिला."

सर रिहाबकडे वळले. मग म्हणाले, "रिहाब, पुढच्या वेळी पेशंटला आधी विचारायचं."

"म्हणजे... पुढची वेळ आहे?"

"आहे."

रिहाबनं असा काही श्वास सोडला, की काय सांगू! आणि त्या आनंदात जीभ परत जुन्या वाटेला लागली. तिनं एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा ना, सर. आणि तुम्ही पेशंटचे कोण?"

सरांनी आईकडे पाहिलं, ऑर्विलकडे पाहिलं, आणि हळूच स्टुलावर टेकले.

"मलाही आत्ताच कळतंय," ते म्हणाले.