शिडाच्या बोटीचा कंट्रोलर

मी रोज सकाळी घरातून किती वाजता निघतो, हे मला माहीत नसतं. ते शेजारच्या पुंडलिकरावांच्या ओट्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. ‘प्राध्यापक. नियोजित ९.४०, प्रत्यक्ष ९.५२. कारण : गाडीची किल्ली.’ त्याखाली दूधवाला, त्याखाली पेपरवाला आणि सगळ्यात खाली मेक्सिकोतली एक बोट.

पुंडलिकराव अकोल्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन अमरावतीत आले, बायको गेली, पण स्टँड काही अंगातून गेला नाही. गाडी सुटली की नोंद, पोचली की नोंद. बाळापूरची गाडी पोचल्याचा फोन आल्याशिवाय ते डबा उघडत नसत. हे त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितलं आहे.

अशा माणसाची एकुलती एक लेक, वर्षा, नोकरी सोडून नवऱ्यासोबत शिडाच्या बोटीवर राहते. बोट हेच घर. वारा नेईल तिकडे जायचं. ‘‘ज्या गाडीले टाइमटेबल नाई, तिच्यात कोन बसते?’’ असं पुंडलिकराव सगळ्या गल्लीला विचारत. मग गेल्या हिवाळ्यात ते स्वतःच तिच्यात महिनाभर बसून आले.

बोट तेव्हा मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, ला पाझ गावापुढे उभी होती. पहिल्याच सकाळी पुंडलिकरावांनी जावयाला सुटायची वेळ विचारली. जावई म्हणाला, वाऱ्यावर आहे. दुसऱ्या सकाळीही तेच उत्तर आलं, तेव्हा त्यांनी बोटीच्या दाराला रकाने आखलेला कागद चिकटवला. आसपासच्या इलाख्यात देवमासे दिसतात म्हणे. पुंडलिकरावांनी एकही पाहिला नाही. छोट्या होडीतून किनाऱ्याला लागले की ते तडक तिथल्या बसस्टँडवर जात.

स्टँडवरच्या कंट्रोलरला मराठी येत नव्हतं आणि यांना स्पॅनिश. पहिल्या दिवशी यांनी घड्याळावर बोट ठेवून चार मिनिटं लेट दाखवली. त्यानं खांदे उडवले. चौथ्या दिवशी त्यानं यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवली. त्याच्या डब्यात मक्याच्या पोळ्या असत. धारणीला ड्युटी असताना खाल्लेली मक्याची भाकर यापेक्षा जाड होती, एवढंच पुंडलिकरावांचं मेक्सिकोच्या स्वयंपाकाबद्दलचं म्हणणं. प्रवासाचे फोटो मी पाहिलेत. दोनांत समुद्र आहे, बाकी सगळ्यांत बस.

महिना संपला की बोट पॅसिफिक ओलांडायला निघणार होती. पुढे तीन-चार आठवडे नुसतं पाणी. ‘‘इतकी लांब गाडी अन् विनाथांबा,’’ पुंडलिकराव म्हणाले होते. त्यांचं विमान बोट सुटल्यावर दोन दिवसांनी होतं. तोवर त्यांनी लॉजवर राहायचं, असं ठरलेलं.

परत आल्यावर बॅग उघडायच्या आधी त्यांनी फळा लिहिला. ‘ला पाझ : प्रस्थान दोन दिवस उशिरा. कारण : वारा.’ मग दिसेल त्याला थांबवून ते वाऱ्याला शिव्या देत राहिले. मलाही रोज ऐकून कंटाळा आला होता.

परवा सकाळी मी कॉलेजला निघत होतो, तर वर्षाचा फोन आला. भर समुद्रातूनही आता फोन लागतो. बाबा उचलत नाहीत म्हणून तिनं मला लावला होता. मी म्हटलं, आंघोळीला गेले असतील.

‘‘दादा, बाबांचं पोट कसं हाये आता?’’

मी विचारलं, पोटाला काय झालं? मग तिनं सांगितलं. निघायच्या सकाळी वारा अगदी हवा तसा होता. शिडं चढवणार, तेवढ्यात बाबा पोट धरून बसले. अशा माणसाला लॉजवर एकटं कसं टाकायचं? म्हणून दोन दिवस थांबलो, विमानात बसवलं आणि मगच निघालो.

मी बाहेर आलो तेव्हा पुंडलिकराव फळ्यासमोर खडू घेऊन उभे होते. वर्षाचा फोन होता, सगळं ठीक आहे, तुमच्या पोटाचं विचारत होती, एवढंच मी म्हणालो. ते फळ्याकडे पाहतच म्हणाले,

‘‘पोट नव्हतं दुखलं, सर. तीस वर्सं दुसऱ्यांच्या गाड्या टायमावर सोडल्या. हे मले सोडता नाई आली.’’

त्यांची थट्टा करायची सवय मला, पण त्या सकाळी फार वाईट वाटलं. पुंडलिकरावांनी तळहातानं ‘वारा’ पुसलं आणि त्या जागी ‘कंट्रोलर’ असं लिहिलं. शेजारचा ‘पोचली’चा रकाना कोरा होता. त्याच्यासमोर खुर्ची ओढून ते बसले. मी दुसरी खुर्ची आणली.

कॉलेजला निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्या दिवशी माझ्या नावापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही.