सत्तेचाळीस क्रमांकाच्या रणगाड्याची झीज

स्वच्छ वस्तूवर या जगात कुणाचाही विश्वास नसतो. कोरी करकरीत फाइल समोर आली की साहेब पहिला प्रश्न विचारतो, हिच्यात काम काय झालंय? आणि कडा कुरतडलेली, चहाचा गोल डाग पडलेली फाइल आली की न उघडता सही करतो. विश्वास बसायला डाग लागतात. ही गोष्ट ज्यांना थोडीफार कळली ते मोठ्या हुद्द्यांवर जाऊन बसले. ज्याला ती सगळ्यात चांगली कळली होती तो मात्र बसच्या आगारात रंगारी होता. त्याला सगळे गंजोबा म्हणत.

गंजोबाने एकतीस वर्षं बसगाड्यांचा गंज झाकला. पत्रा हाताला लागला तर भुगा व्हावा, पण वरून रंग असा की नवी नवरी. त्या रंगाच्या भरवशावर लाखो माणसं कामावर गेली आणि त्यातली बरीचशी परतही आली. निवृत्त झाल्यावर माणूस जन्मभर केलं त्याच्या उलट काहीतरी करायला बघतो. (शिक्षक गप्प बसतात. न्यायाधीश भांडायला लागतात.) गंजोबाने नव्या पत्र्यावर गंज चढवायला घेतला.

पत्रा रणगाड्याचा होता. खऱ्याच्या एक षष्ठांश मापाचा, हुबेहूब. लांबी एकशे बारा सेंटिमीटर, वजन अडुसष्ट किलो, चाकांवरच्या दोन्ही पट्ट्यांच्या मिळून एकशे चौऱ्याण्णव कड्या आणि प्रत्येक कडी हाताने कापलेली. आत बॅटरीवर चालणारी मोटर. त्याला सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत रणगाडा निजायच्या खोलीत गेला आणि पलंग, बायकोसकट, बाहेरच्या खोलीत आला. बायकोने तक्रार केली नाही असं नाही. पण ती तक्रार दारातूनच करायची, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

गाडा बनवणं हे सोपं काम. तो जुना करणं हे खरं काम. आधी तपकिरी रंगाचा हात. तो ओला असताना त्यावर मीठ. मिठावर हिरवा रंग. वाळला की मीठ पुसायचं, म्हणजे जिथे खडा होता तिथला हिरवा रंग निघून येतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. याला टवका म्हणतात. सैन्याच्या खऱ्या गाड्यांवर असा एक टवका पडायला चार वर्षं दुर्लक्ष करावं लागतं. गंजोबा एका दुपारी दोनशे पाडायचा. मग पातळ काळं तेल फटींतून सोडायचं, स्पंजाने ओरखडे द्यायचे, धुराड्यामागे काजळी धरायची. शेवटी माती. माती बागेतली, पण चाळलेली, कारण खडा तसाच राहिला तर रणगाड्याशेजारी डोंगर दिसतो.

"अहो, पिठाच्या चाळणीला माती कशी लागली?" बायकोने एकदा विचारलं.

"चाळलेली आहे. स्वच्छ असते."

"मग पीठ बागेत चाळू का मी?"

यावर गंजोबाने विचार केला आणि पीठ फार पांढरं पडेल असं सांगितलं.

सगळं झाल्यावर बागेत चित्रण. तेही शास्त्र आहे. कॅमेरा मुंगीच्या डोळ्याला लावायचा. छोटी वस्तू टुणटुण हलते, म्हणून चित्रण संथ करून दाखवायचं, की चाळीस टन वजन आपोआप येतं. पाण्याचा थेंब काही केल्या लहान होत नाही, तो लगेच चुगली करतो, म्हणून चिखल तेलात कालवायचा. धूळ उडवायला अंगाला लावायची पावडर आणि केस वाळवायचं यंत्र. यंत्र बायकोने धरलं. बाहेरच्या खोलीत झोपून झोपून तीही आता या कामात तरबेज झाली होती.

अशी मॉडेलं बनवणाऱ्या मंडळींची एक रीत आहे. चित्रफितीच्या शेवटी गाड्याशेजारी काडेपेटी ठेवायची. बघणाऱ्याला एकदम माप कळतं आणि तो "अरे बापरे" म्हणतो. त्या एका "अरे बापरे"साठी ही माणसं सहा सहा वर्षं डोळे फोडतात. गंजोबानेही काडेपेटी ठेवली, चित्रण केलं, दहा वेळा पाहिलं आणि ते दृश्य कापून टाकलं. काडेपेटी नवी होती. तिच्यामुळे गंज खोटा वाटत होता.

इथे जावई आला.

जावई सैन्याच्या वाहन खात्यात प्रसिद्धीचं काम बघत असे. खात्याकडे अठ्ठावन्न रणगाडे होते. त्यांतले छप्पन्न सुरू होत नसत. एक सुरू होई, पण मग थांबत नसे, म्हणून त्याला सुरू करायची मनाई होती. उरलेल्या एकाच्या तोफेत पक्ष्याने घरटं केलं होतं आणि तो पक्षी दुसऱ्या खात्याच्या संरक्षणाखाली होता. अशा सुसज्ज अवस्थेत वार्षिक सरावाची चित्रफीत पंधरा दिवसांत सादर करावी, असा वरून हुकूम आला.

"बाबा, तीनच मिनिटं द्या तुमच्या चित्रफितीतली," जावई म्हणाला.

"खाली लिहाल ना? की मी केलाय?"

"लिहितो की! मोठ्या अक्षरांत!"

जावयाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "संरक्षणार्थ सदैव सज्ज." गंजोबाचं नाव बसेल इतकी जागा उरली नाही.

चित्रफीत देशभर दाखवली गेली. चिखलातून तो गाडा कण्हत, धुरळा उडवत वर आला तेव्हा लोक उभे राहिले. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की या रणगाड्याच्या प्रत्येक टवक्यामागे एक लढाई आहे. (प्रत्येक टवक्यामागे एक मिठाचा खडा होता.) गंजोबाने ते कात्रण कापून ठेवलं आणि नावाची वाट बघत बसला.

नाव आलं नाही. समिती आली.

झालं असं, की गंजोबाने गाड्यावर सत्तेचाळीस हा आकडा रंगवला होता. का, तर आकडा दिसायला बरा. आणि खात्याच्या नोंदवहीत सत्तेचाळीस क्रमांकाचा रणगाडा चौदा वर्षांपासून गहाळ होता. चाळीस टनांची वस्तू गहाळ कशी होते हा प्रश्न खात्यात कुणी विचारत नसे, कारण ज्याने विचारलं असतं त्यालाच शोधायला लावलं असतं. पण त्या रणगाड्यापायी एका अधिकाऱ्याची बढती चौदा वर्षं अडकली होती. चित्रफीत बघून तो अधिकारी सभागृहात हुंदके देऊन रडला. तोच समितीचा अध्यक्ष झाला. बरोबर एक मोजणीदार आणि एक कारकून.

तिघे निजायच्या खोलीच्या दारात उभे राहिले. अध्यक्षाने आकडा वाचला आणि टोपी काढून छातीशी धरली. "हाच तो."

"साहेब, हे मॉडेल आहे," गंजोबा म्हणाला. "मी बनवलंय. इथेच, या फरशीवर."

"मोजा," अध्यक्ष म्हणाला.

मोजणीदाराने टेप लावला. "नोंदवहीत सहा मीटर बहात्तर. इथे एक मीटर बारा, साहेब."

"फरक कशाचा दाखवाल?"

मोजणीदाराने वीस वर्षं खात्यात काढली होती. तो क्षणभरही अडखळला नाही. "झीज."

कारकुनाने लिहून घेतलं. वाहन सततच्या वापराने झिजून मूळ मापाच्या एक षष्ठांश उरले आहे. झीज सर्व बाजूंनी सारखी आहे, यावरून देखभाल नियमित होत होती हे सिद्ध होते. आत चमू आढळला नाही; रजेवर असावा.

"अहो, चमू कसा असेल? आत माझा हात जात नाही!" गंजोबा ओरडला.

"खासगी व्यक्तीने वाहनात हात घालण्याचा प्रयत्न केल्याची कबुली," कारकुनाने लिहिलं.

गंजाचा नमुना खरवडून प्रयोगशाळेत गेला. आठ दिवसांनी अहवाल आला: गंज नैसर्गिक, उघड्यावरचा, वय चौदा वर्षे. अध्यक्षाने तो वाचून दाखवला. गंजोबाच्या बाजूवर हा शेवटचा घाव होता. पण खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली.

"चौदा?" तो म्हणाला. "मी बारा धरली होती."

बायकोने कपाळावर हात मारला.

आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. गाडा सन्मानाने खात्यात जमा होणार, पितळी पाटी लागणार, शाळांच्या सहली बघायला येणार आणि पाटीवर खात्याचं नाव असणार. नाहीतर नियम नऊ. नियम नऊ सांगतो की, ज्या वस्तूच्या गंजाखाली गंज नाही ती नवी समजावी, आणि नवी वस्तू खात्याची असूच शकत नाही. (खात्याने एकोणीस वर्षांत नवी वस्तू पाहिलेली नव्हती. नियम पक्का होता.) म्हणजे गाडा आपला ठरवायचा तर गंजोबाने समितीला गंज पुसून दाखवायचा.

समिती बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून राहिली. आत गंजोबाने रंग उतरवायच्या पातळ तेलाचा डबा उघडला आणि हातात फडकं घेऊन उभा राहिला. तेवढ्यात बायको आत आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. अंग चोरून, भिंतीला घासत.

"हात लावू नका त्याला."

"मग नेतील ते."

"नेऊ देत. जाईल, पण असाच राहील ना तो. कुठेतरी असेल, आपण तिकीट काढून बघून येऊ."

"आणि पाटीवर?"

 बायकोने धुराड्यामागच्या काजळीवरून बोट फिरवलं. हलकेच, पुसणार नाही असं.

"या कोपऱ्याला तुम्ही नऊ महिने घेतलेत. मला तेव्हा ताप होता."

"सांगितलं नाहीस ते?"

"दारातून सांगितलं होतं."

गंजोबाने फडकं तेलात बुडवलं. शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत नाही; शहाणा माणूस मुळात सहा वर्षं मीठ पुसत बसला नसता. त्याने डावी बाजू पुसली. नऊ महिन्यांचं काम गेलं, मग दीड वर्षाचं गेलं. खाली चकचकीत पत्रा निघाला.

समितीने पाहणी केली. डावी बाजू खासगी, उजवी सरकारी, असा निर्णय झाला आणि उजवी बाजू नेण्यासाठी करवत मागवावी की कसे, यावर चर्चा सुरू झाली. गंजोबाने उजवीही पुसली. मग बुरूज, तोफ, पट्टे. सत्तेचाळीस हा आकडाही गेला. दुपार कलली तेव्हा खोलीत एक स्वच्छ, गुळगुळीत, लखलखीत गाडा उभा होता. दुकानाच्या काचेमागे असतो तसा.

अध्यक्षाने दारातून वाकून पाहिलं.

"हे खेळणं आहे," तो म्हणाला.

"तेच सांगतोय साहेब! आठ दिवस तेच सांगतोय!"

"मग माझा रणगाडा कुठे ठेवलात?"

इथे गंजोबाच्या तोंडून शब्द फुटेना. पण कारकुनाच्या लेखणीतून फुटत होते. सत्तेचाळीस क्रमांकाचे वाहन सापडले होते, ते पुन्हा गहाळ झाले आहे. ते शेवटचे सदर इसमाच्या निजायच्या खोलीत तीन अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. सदर इसमाने त्या जागी एक खेळणे आणून ठेवले आहे. चाळीस टनांचे वाहन एका दुपारीत नाहीसे करणारा इसम देशाला धोकादायक आहे; तीस दिवसांत वाहन हजर करावे.

जावयाला फोन केला. "बाबा, तुम्ही नाव लिहायचा हट्ट धरला नसतात, तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि बैठकीला गेला. ती बैठक अजून संपलेली नाही.

तेव्हा गंजोबाने ठरवलं, की खात्याचं सोडा, लोकांनाच सांगू. लोक काही आंधळे नाहीत. त्याने नवी चित्रफीत केली, बत्तीस मिनिटांची. कापाकापी नाही, संथ करणं नाही. गाड्याच्या एका बाजूवर पुन्हा टवके पाडत मीठ दाखवलं, स्पंज दाखवला, बागेतली माती दाखवली. शेवटी तो स्वतः गाड्याशेजारी उभा राहिला. गाडा त्याच्या गुडघ्याला लागत होता. कॅमेऱ्याकडे बघून तो म्हणाला, "हा मी. हा माझा गाडा. सहा वर्षं लागली. मी केला."

पहिलं मत चार मिनिटांत आलं. "रणगाडा खराच आहे. माणूस मोठा करून दाखवलाय."

त्याखाली पुरावे आले. माणसाच्या बनियनला एक सुरकुती नाही. (बायकोने बदलायला लावलं होतं.) पापण्या वेळेवर मिटत नाहीत. एवढ्या गंभीर गोष्टीत कुणी असं रडवेलं हसतं का? एका अभियंत्याने हिशेब करून सिद्ध केलं, की माणसाची खरी उंची अठ्ठावीस सेंटिमीटर असावी. त्या मताला अकरा लाख चाळीस हजार लोकांनी अंगठा दिला. खात्याने ते मत प्रकरणाला जोडलं आणि शेरा मारला: सदर इसम अस्तित्वात नसल्याची जनतेने खात्री केली आहे, सबब त्याच्या अर्जांना उत्तर देण्याचे प्रयोजन उरत नाही.

अकरा लाख चाळीस हजारांतला एक अंगठा तुमचा होता. आठवत नसेल. तुम्ही घाईत होतात. बत्तीस मिनिटांतली चार सेकंदं पाहिलीत, खालचं मत वाचलंत, पटलं, दाबलात आणि पुढे सरकलात. आता हे सगळं वाचून तुम्हाला गंजोबाची कीव येतेय, हेही मला दिसतंय. येऊ दे. फक्त माफी मागायला त्याच्या घरी जाऊ नका. तुम्ही दार वाजवाल. तो दार उघडेल, साधा, साडेपाच फुटी, हात पुसत. आणि काही बोलायच्या आत तुमच्याच तोंडून निघून जाईल, "अरे, चित्रफितीत बरेच मोठे दिसता हो तुम्ही!"